बारमाही क्लब आणि कोकणचा कॅलिफोर्निया

'कोकणचा कॅलिफोर्निया करू' हे वाक्य कोकणात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी एकदा तरी मांडवाखाली बसून ऐकलेले आहे. मी ते पहिल्यांदा ऐकले ते राजापूर तालुक्यात, आजोळी, शाळेच्या पटांगणावरच्या प्रचारसभेत. वय दहा-अकरा असेल. सभेतले दुसरे काही आठवत नाही. घरी परतताना, बॅटरीच्या उजेडात पायवाट उतरत असताना मी मामांना विचारले, 'कॅलिफोर्निया कुठे आहे?' मामा काही पावले तसेच चालत राहिले आणि मग म्हणाले, 'जिथल्या पोरांना पोटासाठी मुंबईची एस्टी धरावी लागत नाही, तिथे असेल.'

पुढे कळले की मामांचे उत्तर भूगोलाचे नसले तरी घोषणेच्या अर्थाला धरून होते. ती घोषणा देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कॅलिफोर्निया पाहिला असेल. त्यांच्या मनात एक चित्र होते. समुद्रकिनारा, फळबागा, स्वच्छ ऊन, रुंद रस्ते आणि सुखी माणसे असे ते चित्र. या लेखात मला विचारायचे आहे ते एवढेच, की हे चित्र काढले कोणी? कशासाठी काढले? आणि चित्राच्या चौकटीत कोणाला घेतले, कोणाला वगळले?

हे चित्र आपोआप तयार झालेले नाही. त्यामागे पन्नासेक वर्षांचा पद्धतशीर उद्योग आहे, आणि त्या उद्योगाचे सर्वांत नेटके रूप म्हणजे 1921 साली लॉस एंजेलिसमध्ये स्थापन झालेली 'ऑल-इयर क्लब ऑफ सदर्न कॅलिफोर्निया' ही पर्यटन-प्रचार संस्था. आपल्या भाषेत तिला 'बारमाही क्लब' म्हणता येईल. जाहिरात हा वाङ्मयप्रकार समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. पण कादंबरीपेक्षा जास्त लोकांनी वाचलेला, आणि वाचून घरदार हलवलेला मजकूर समीक्षेने का वाचू नये? म्हणून या संस्थेचा इतिहास मी मुख्यतः तिच्या मजकुराचा इतिहास म्हणून वाचणार आहे.

1

क्लबच्या आधी रेल्वे होती. सदर्न पॅसिफिक कंपनीची गाडी 1876 साली लॉस एंजेलिसला पोहोचली आणि दशकभरात सांता फे ही प्रतिस्पर्धी कंपनीही तिथे येऊन धडकली. मग दोघींत भाड्याची लढाई जुंपली. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून कॅलिफोर्नियाला येण्याचे भाडे सव्वाशे डॉलरच्या घरात होते. ते उतरत उतरत 6 मार्च 1887 रोजी कॅन्सस सिटीहून एका डॉलरवर आले, अर्थात अगदी थोड्या वेळापुरते. लोकांचा लोंढा आला, जमिनीचे भाव गगनाला भिडले आणि वर्षभरात सारे कोसळले. त्या पडझडीनंतर, 1888 मध्ये, तिथल्या व्यापाऱ्यांनी चेंबर ऑफ कॉमर्सची उभारणी केली. अपघाताने आलेली तेजी गेली, आता ती ठरवून आणायची, हा त्यामागचा विचार.

चेंबरने प्रदेशाची जाहिरात करण्याचे तंत्र अक्षरशः घडवले. 'कॅलिफोर्निया ऑन व्हील्स' नावाचे फळांनी भरलेले रेल्वे-प्रदर्शन दोन वर्षे देशभर हिंडवले. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात संत्र्यांचा मनोरा उभा केला. ज्या शिकागोत त्याच वर्षी सर्वधर्मपरिषद भरली, त्याच शिकागोत थंडीने गारठलेल्या मध्य-पश्चिमेचे शेतकरी या मनोऱ्याकडे मान वर करून पाहत होते. 1894 साली 'लँड ऑफ सनशाइन' हे मासिक निघाले आणि पुढल्याच वर्षी चार्ल्स लमिस हा विलक्षण माणूस त्याचा संपादक झाला. ओहायोहून लॉस एंजेलिसपर्यंत पायी चालत आलेला हा पत्रकार. त्याच्या मासिकात कविता, पुरातत्त्व, लोकजीवन आणि जमिनीच्या जाहिराती शेजारी शेजारी नांदत. साहित्य आणि प्रचार यांच्यातली भिंत इथे पहिल्यापासूनच पातळ होती.

फळांची गोष्टही अशीच. 1873 साली रिव्हरसाइड इथे ब्राझीलहून आलेली बिनबियांची संत्र्याची जात लागली आणि पुढे तिच्या बागांनी खोरी भरून गेली. बागायतदारांच्या सहकारी संघाने 1908 पासून 'सनकिस्ट' हे नाव घेतले. त्याआधीच आयोवा राज्यात संत्र्यांची जी मोहीम झाली तिचे घोषवाक्य संत्र्यांतून आरोग्य आणि कॅलिफोर्नियातून संपत्ती असे दुहेरी आश्वासन देत होते. इथे फळ आणि प्रदेश एकाच वेष्टनात बांधले गेले. संत्रे खाणारा माणूस कॅलिफोर्नियाचा घास घेत होता.

आकडे पाहिले की या प्रचाराचा पल्ला लक्षात येतो. लॉस एंजेलिस शहराची लोकसंख्या 1880 मध्ये 11,183 होती. 1900 मध्ये ती 1,02,479 झाली, 1920 मध्ये 5,76,673 आणि 1930 मध्ये 12,38,048. बंदर मोठे नाही, कोळसा नाही, पुरेसे पाणी नाही, अशा जागी पन्नास वर्षांत शंभरपट माणसे आली. तेल, चित्रपट, शेती ही कारणे आहेतच. पण या सगळ्यांच्या आधी तिथे एक कल्पना नांदायला आली होती.

2

बारमाही क्लबचा जन्म एका साध्या व्यापारी अडचणीतून झाला. तोवर पूर्वेकडचा श्रीमंत प्रवासी थंडी चुकवण्यासाठी हिवाळ्यात दक्षिण कॅलिफोर्नियाला येई आणि वसंत लागला की परत जाई. उन्हाळ्यात हॉटेले ओस पडत. वाळवंटाच्या कडेचा प्रदेश उन्हाळ्यात भाजून काढत असणार, असा सार्वत्रिक समज होता. 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे प्रकाशक हॅरी चँडलर यांच्या पुढाकाराने शहरातली बडी मंडळी एकत्र आली आणि हा समज मोडण्यासाठी संस्था काढली. पैसा दोन वाटांनी येत होता. व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून, आणि लॉस एंजेलिस काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक शासनाच्या, तिजोरीतून. ही दुसरी वाट वाचकाने लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

क्लबच्या जाहिराती जुन्या अमेरिकन मासिकांच्या अंकांतून आजही वाचता येतात. त्यांतले सर्वांत गाजलेले आवाहन होते, दक्षिण कॅलिफोर्नियात या आणि उन्हाळाभर रोज रात्री पांघरूण घेऊन झोपा. घोषवाक्य म्हणून याला दाद द्यावीच लागेल. त्यात विशेषण नाही, स्वर्ग नाही, नंदनवन नाही. सेंट लुईसच्या किंवा शिकागोच्या उकाड्यात ओल्या चादरी खिडकीला लावून तळमळणाऱ्या माणसाला एक पांघरूण दाखवले आहे. चांगल्या लेखकाला जे साधते ते या मजकूरकाराला साधले होते. अमूर्त हवामानाची त्याने अंगाला लागणारी वस्तू केली. सनकिस्टची जाहिरात करणारी लॉर्ड अँड टॉमस हीच कंपनी क्लबचेही काम पाहत होती, हे कळले की नवल वाटत नाही. संत्रे विकणारा हातच आता हवा विकत होता.

जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठवायचे कुपन असे. त्यावर नाव-पत्ता लिहायचा, की मोफत पुस्तिका घरी येई. कुपनावर दक्षिणेतल्या काउंटींची नावे असत. लॉस एंजेलिस, ऑरेंज, रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनो, सांता बार्बरा, सॅन दिएगो, व्हेंच्युरा. ज्या भागाची माहिती हवी तिथे खूण करायची. आणि ही माहिती कशाची? तर तिथल्या प्रेक्षणीय स्थळांची आणि तिथे असलेल्या संधींची. 1920 च्या दशकातल्या कुपनावर हे दोन्ही शब्द जोडीने येतात. पाहुणा म्हणून या, जमले तर राहा, जमीन घ्या, धंदा काढा, असा तो सूर आहे. चँडलर हे वृत्तपत्राचे मालक तसे जमिनींचेही मोठे मालक होते. 1923 साली टेकडीवर उभी राहिलेली 'हॉलिवुडलँड' ही प्रचंड अक्षरे मुळात ज्या घर-भूखंडांच्या जाहिरातीसाठी होती, त्या प्रकल्पातही ते भागीदार होते. जगातली सर्वांत प्रसिद्ध पाटी ही प्लॉट विकण्याची पाटी होती.

संस्थेच्या नावाकडे मराठी कानाने पाहिले तर मला ते विशेष बोलके वाटते. आपण 'बारमाही' हा शब्द बहुधा पाण्याला लावतो. बारमाही नदी, बारमाही विहीर, बारमाही बागायत. जिथे पाणी बारमाही तिथे माणूस बारमाही राहतो, नाहीतर तो उन्हाळ्यात घाटावर नाहीतर मुंबईला जातो. या क्लबने क्रम उलटा केला. आधी माणसे बारमाही केली आणि पाणी नंतर शोधले असे म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. पाण्याची तजवीज आधीच करून ठेवलेली होती, पण ती दुसऱ्याच्या खोऱ्यातून.

शहराच्या ईशान्येला सिएरा नेवाडाच्या पलीकडे ओवेन्स नदीचे खोरे आहे. त्या खोऱ्यातले जमिनीचे व पाण्याचे हक्क लॉस एंजेलिस शहराने विकत घेतले आणि विल्यम मलहॉलंड या अभियंत्याने बांधलेल्या सुमारे 375 किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून 5 नोव्हेंबर 1913 रोजी ते पाणी सॅन फर्नांडो खोऱ्यात उतरले. त्या खोऱ्यात 47,500 एकर जमीन चँडलर भागीदार असलेल्या मंडळाने आधीच घेऊन ठेवलेली होती. ओवेन्सचे शेतकरी 1924 साली जलवाहिनीला सुरुंग लावण्यापर्यंत गेले. नदी मिळत होती ते ओवेन्स सरोवर कोरडे पडले आणि त्याच्या तळाची धूळ पुढची अनेक दशके वाऱ्यावर उडत राहिली.

त्या खोऱ्यात मंझनार नावाचे गाव होते. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ सफरचंदाची बाग. तिथे खरोखरच सफरचंदे पिकत. शहराने पाणी घेतले, बागा सुकल्या, गाव उठले. 1942 साली त्याच जागेवर, शहराच्या मालकीच्या त्या जमिनीवर, अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या लोकांसाठी काटेरी तारांची छावणी उभी केली. दहा हजारांच्या आसपास माणसे तिथे डांबली गेली. त्यांतले बहुसंख्य लॉस एंजेलिस भागातले होते, आणि भाजी पिकवणारे, फुले विकणारे, मासेमारी करणारे असे कितीतरी त्यांच्यात होते. ज्यांच्या हातांनी तो बारमाही हिरवेपणा राखला, त्यांना त्या हिरवेपणासाठी वाळवलेल्या जमिनीवर नेऊन ठेवले गेले. क्लबच्या पुस्तिकांत ओवेन्सच्या शेतकऱ्याला जागा असण्याचे कारणच नव्हते.

3

आता साहित्याकडे येऊ. जाहिरातीने वगळलेली माणसे कादंबरीने चौकटीत आणली, तर काय होते? याचे उत्तर दक्षिण कॅलिफोर्नियानेच देऊन ठेवले आहे, आणि ते लेखकांना नम्र करणारे आहे.

हेलन हंट जॅक्सन यांनी 1881 साली अमेरिकन सरकारने मूळनिवासींशी केलेल्या विश्वासघाताची कैफियत मांडणारे पुस्तक लिहिले. मग त्या कॅलिफोर्नियात आल्या, जुन्या मिशनांच्या परिसरातल्या मूळनिवासींची स्थिती पाहून सरकारला अहवाल दिला. अहवाल धूळ खात पडला. तेव्हा त्यांनी ठरवले, की 'अंकल टॉम्स केबिन'ने गुलामांसाठी जे केले ते आपण कादंबरीने करायचे. 1884 मध्ये 'रामोना' आली. अर्धी मूळनिवासी असलेली रामोना आणि तिचा नवरा अलेसांद्रो यांची ही कथा. गाव हिरावून घेतले जाते, ती दोघे जागोजाग हाकलली जातात, अलेसांद्रोचे चित्त भ्रमते आणि शेवटी एक गोरा माणूस त्याला गोळी घालतो.

कादंबरी अफाट खपली. पण वाचकांनी तिच्यातला अन्याय घेतला नाही, अंगण घेतले. स्पॅनिश वाड्याचे ओसरीदार अंगण, गिटार, मेंढ्यांची लोकर, द्राक्षमांडव, प्रेमळ पाद्री. रेल्वेने येणारे प्रवासी रामोनाचे घर कोणते, तिचे लग्न कुठे लागले, हे विचारू लागले. न घडलेल्या लग्नाची जागा सॅन दिएगोत एका जुन्या घरात दाखवली जाऊ लागली आणि 1910 मध्ये ते घर त्यासाठी दुरुस्तही झाले. हेमेट गावी 1923 पासून 'रामोना'चा भव्य उघड्यावरचा खेळ दरवर्षी होऊ लागला. जॅक्सन यांच्याबरोबर तो सरकारी अहवाल लिहिणारे ॲबट किनी यांनी पुढे समुद्रकाठी कालवे खोदून, इटलीच्या धर्तीवर 'व्हेनिस' नावाची करमणूक-नगरी वसवली. जॅक्सन मात्र 1885 मध्येच वारल्या. आपल्या आरोपपत्राची सहलपत्रिका झालेली त्यांना पाहावी लागली नाही.

केरी मॅकविल्यम्स या लेखकाने या स्पॅनिश स्वप्नरंजनाचे नेमके निदान पुढे केले. त्याने दाखवले, की भूतकाळातले 'स्पॅनिश' मोठ्या प्रेमाने मिरवायचे आणि वर्तमानातल्या मेक्सिकन मजुराकडे पाहायचे नाही, अशी ही सोय होती. याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. शहराच्या जुन्या चौकालगत ओल्व्हेरा स्ट्रीट नावाची गल्ली आहे. ती पाडली जाऊ नये म्हणून क्रिस्टीन स्टर्लिंग या बाईंनी खटपट केली, चँडलर यांनी पाठबळ दिले आणि एप्रिल 1930 मध्ये तिथे पर्यटकांसाठी 'जुनी मेक्सिकन बाजारपेठ' सुरू झाली. मेणबत्त्या, मातीची भांडी, रंगीत घागरे. दहा महिन्यांनी, 26 फेब्रुवारी 1931 रोजी, त्याच चौकाला पोलिसांनी आणि वसाहत-खात्याच्या अधिकाऱ्यांनी वेढा घातला, सुमारे चारशे माणसे अडवून ठेवली आणि कागदपत्रे मागितली. मंदीमुळे मेक्सिकन लोकांना परत धाडण्याची मोहीम सुरू झाली होती. पुढल्या महिन्यापासून त्यांना सीमेपलीकडे नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे कायद्याने तिथली नागरिक असलेली मुलेही होती.

या गाड्यांचे भाडे कोणी भरले? लॉस एंजेलिस काउंटीने. मघाशी मी जी वाट लक्षात ठेवायला सांगितली ती हीच. एकाच तिजोरीतून काही माणसांना बोलावण्याचा खर्च होत होता आणि काही माणसांना घालवण्याचा. पर्यटन-प्रचार आणि हद्दपारी यांचा संबंध दाखवायला मला कुठलेही रूपक वापरावे लागत नाही. दोन्ही एकाच शासनाच्या हिशेबात बसत होते.

या गल्लीचा आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. 1932 साली तिथल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरची बाहेरची भिंत रंगवण्याचे काम मेक्सिकन चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस यांना मिळाले. विषय दिला होता 'उष्णकटिबंधीय अमेरिका'. मागणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पोपट, वेली, फळे आणि आनंदी माणसे असणार. सिकेरोस यांनी वेली काढल्या, जुन्या मंदिराचे भग्नावशेषही काढले. मधोमध मात्र दुहेरी क्रुसावर बांधलेला मूळनिवासी मनुष्य काढला, आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकन गरुड. रस्त्यावरून दिसणारा भाग लवकरच चुन्याने झाकला गेला, आणि काही वर्षांत उरलेलाही. पण चुना टिकला नाही. काळाने तो सुटत गेला आणि खालची आकृती हळूहळू वर येऊ लागली. जतनाचे दीर्घ काम होऊन ऑक्टोबर 2012 मध्ये ते चित्र लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. आता तेही पर्यटनस्थळ आहे. याला साहित्य-कलेचा विजय म्हणायचे की 'रामोना'चीच पुनरावृत्ती, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो. मला स्वतःला त्यात थोडे दोन्ही दिसते.

4

मंदीच्या वर्षांत बारमाही क्लबच्या जाहिरातीत एक नवी ओळ आली. वर तेच ऊन, तोच किनारा, तीच फळे. खाली मात्र इशारा. त्याचा आशय असा, की मनसोक्त सुटी घालवायला कॅलिफोर्नियाला जरूर या, पण नोकरी शोधायला कोणी येऊ नये, पदरी निराशा येईल. पर्यटकासाठी मात्र आकर्षणांना तोटा नाही.

दहा वर्षांपूर्वीच्या कुपनावरचे 'प्रेक्षणीय स्थळे आणि संधी' हे दोन शब्द आठवून पाहा. संधी गळली, स्थळे उरली. हा इशारा खोटा नव्हता. कदाचित संस्थेच्या सगळ्या मजकुरातले सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच असेल, कारण जे वरच्या चित्रात सूचित होते ते इथे शब्दांत आले. पैसे घेऊन येणाऱ्याने यावे. हात घेऊन येणाऱ्याने येऊ नये.

पण हातवाले निघाले होते. ओक्लाहोमा, टेक्सस, आर्कान्सा, मिझुरी या राज्यांतून दुष्काळ, धुळीची वादळे, कर्ज आणि ट्रॅक्टर यांनी उठवलेली कुटुंबे जुन्या मोटारींवर गाद्या बांधून पश्चिमेकडे येत होती. दशकभरात ती संख्या तीन लाखांच्या पुढे गेली. फेब्रुवारी 1936 मध्ये लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख जेम्स डेव्हिस यांनी आपले 136 पोलीस शहराची हद्द सोडून थेट राज्याच्या सीमांवर पाठवले. खिशात पैसे नसणाऱ्याला ते परत फिरवत. काही आठवड्यांनी हा प्रकार बंद पडला. परराज्यातल्या गरिबाला आणणे गुन्हा ठरवणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो 1941 मध्ये.

जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' 1939 साली आली. या कादंबरीतल्या जोड कुटुंबाच्या हाती जो कागद पडतो तो मजूर हवेत सांगणारे हँडबिल असते, क्लबची पुस्तिका नसते. हा फरक ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. स्थलांतरासाठी एकट्या क्लबला दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण त्या कुटुंबाच्या मनातला कॅलिफोर्निया पाहा. पांढरे छोटे घर, हाताशी लटकलेली फळे, कधी न येणारी थंडी. हँडबिलावर एवढे काही छापलेले नसते. ते संत्र्याच्या पेट्यांवरच्या चित्रांतून, मासिकांतून, दिनदर्शिकांतून पन्नास वर्षे झिरपत आलेले होते. स्टाइनबेक यांनी तेच चित्र घेतले आणि त्यात किंमत टिकवण्यासाठी नासवली जाणारी संत्री आणि ती पाहत उभी असलेली उपाशी मुले आणली. 'रामोना'सारखे अंगण त्यांनी वाचकाला दिलेच नाही. केर्न काउंटीने ग्रंथालयांतून आणि शाळांतून या पुस्तकावर बंदी घातली, ही मला तिच्या यशाची पावती वाटते. जे पुस्तक सहलपत्रिकेत बसवता येत नाही, त्यावरच बंदी घालावी लागते.

क्लब पुढेही चालत राहिला. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, 1955 मध्ये डिस्नेलँड उघडले, बारमाही गर्दी हा नित्याचा अनुभव झाला. संस्थेचे नावही पुढे बदलले आणि 'सदर्न कॅलिफोर्निया व्हिजिटर्स कौन्सिल' झाले. तिने ठरवलेले काम इतके पुरे झाले होते, की तिची आठवण राहण्याचे कारण उरले नाही. सात समुद्रांपलीकडे राजापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या पटांगणावर तिचे चित्र, तिचे नाव न घेता, कोणीतरी हातवारे करून रंगवत होता.

5

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रत्येक जाहिरात निवडक असते, मग या संस्थेवर एवढा राग कशाला? माझे म्हणणे असे, की या जाहिराती खोट्या नव्हत्याच. ऊन खरे होते, संत्री खरी होती, पांघरूणही खरे होते. लाखो माणसांना तिथे खरोखर बरे दिवस आले, हेही खरे. साबणाची जाहिरात निवडक असली तर बिघडत नाही, कारण साबण कुणाचे गाव नसतो. प्रदेशाच्या जाहिरातीत मात्र ज्यांना चित्रातून वगळले ती माणसे तिथेच राहत असतात, आणि ज्या सार्वजनिक पैशातून चित्र काढले जाते त्यात त्यांचेही चार पैसे असतात. आणि हळूहळू धोरण ठरवणारेच ते चित्र खरे मानू लागतात. चित्रात नसलेला माणूस त्यांना मग प्रदेशावरचा डाग वाटू लागतो.

आपल्याकडे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ 1975 मध्ये आले, रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना 1990 मध्ये आली, सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. यांतून कोकणाला काही मिळाले नाही असे मी म्हणणार नाही. आंब्याने घरे उभी केली, खानावळींनी आणि घरगुती राहण्याच्या सोयींनी बायकांच्या हातात पैसा आणला. पण कॅलिफोर्नियाचे चित्र जवळून पाहिल्यावर आपल्या पुस्तिका वाचण्याची माझी रीत बदलली आहे. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागातल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. त्याच महिन्यांत पर्यटकाच्या खोलीला चोवीस तास पाणी असल्याची जाहिरात असते. हापूसच्या पेटीवर बागायतदाराचे नाव असते, पण ती बाग राखणारा, फवारणी करणारा आणि आंबे उतरवणारा माणूस पुष्कळदा नेपाळातून आलेला असतो. पुस्तिकेतल्या छायाचित्रात तो मला अजून दिसलेला नाही. 'समुद्र दिसेल असा प्लॉट' विकणाऱ्या फलकांवर 'संधी' हा शब्द ठळक असतो. ती संधी कोणाची, हे वाचायला मात्र थांबावे लागते.

मराठी कादंबरीने या कोकणाला केव्हाच शब्द दिले आहेत. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'पासून जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे'पर्यंत. तिथला माणूस गोड नाही, तिरकस आहे, भांडकुदळ आहे, दारिद्र्याने पिचलेला आणि तरी अडून बसणारा आहे. आता याच पुस्तकांतल्या वाटा आणि वाड्या सहलीच्या बेतात बसवण्याची भाषा कानावर येते, तेव्हा मला रामोनाच्या न झालेल्या लग्नाचे घर आठवते. लेखकाच्या गावी जाऊ नये असे मी म्हणत नाही. अंगण पाहून परत येऊ नये, इतकेच.

मामांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईची एस्टी धरूनच मोठे झाले. गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो तेव्हा त्यांच्या बागेच्या फाटकाशी दोन तरुण पाणी भरण्यासाठी टँकरची वाट पाहत बसले होते. हिंदीत बोललो. पश्चिम नेपाळातले होते, सहा-सात महिने इथेच असतात म्हणाले. घरी बायको-मुले आहेत, पाऊस लागायच्या आत परतायचे. 'पोटासाठी यावे लागते', असे त्यांच्यातला थोरला म्हणाला. मामांची कसोटी लावायची तर या दोघांच्या गावाहून पाहताना आमचे आजोळ हाच कॅलिफोर्निया असणार. आणि इथल्या चित्रातही त्यांना जागा नाही. तेवढ्यात टँकरचा आवाज आला आणि ते हंडे घेऊन उठले.